मृतांची साक्ष

आमच्या घरी संक्रांतीच्या संध्याकाळी देवघरात नेहमीच्या समईखेरीज एक पणती अधिक लावण्याची चाल आहे. ती कशासाठी, हे घरातील लहान पोरासही ठाऊक असते. १४ जानेवारी १७६१ रोजी, शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, पाणिपतावर जो अनर्थ ओढवला त्यात आमच्या घराण्यातील एक पूर्वज विश्वासरावांच्या निशाणाजवळ लढता लढता पडला. त्याचे क्रियाकर्मही कोणास यथासांग करता आले नाही. म्हणून ही पणती. तिच्या उजेडात बसून ही हकीकत मी माझ्या थोरल्या काकूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की, त्या पूर्वजाच्या घोड्याचा रंगदेखील मला सांगता आला असता.

काही वर्षांपूर्वी पेठेतील आमचा जुना वाडा पाडावयाचे ठरले. माळ्यावरील सामान उतरविताना एका पेटीत तांबड्या फडक्यात बांधलेले कागद निघाले. बहुतेकांची कसरीने चाळण करून टाकली होती. जे वाचण्याजोगे उरले होते ते मोडीत होते, आणि मोडी आमच्या घरात कोणासही येत नव्हती. ज्या लिपीत आपल्या पणजोबांनी धान्याचा, कर्जाचा आणि लग्नकार्यांचा हिशेब लिहिला ती आपणास परदेशाच्या लिपीइतकी अनोळखी असावी, ह्याची लाज त्या दिवशी प्रथम वाटली. मोडी उत्तम वाचणारे एक वृद्ध गृहस्थ परिचयाचे होते. त्यांच्याकडे गठ्ठा घेऊन गेलो. एक कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "आपले ते पूर्वज पाणिपतावर पडले म्हणता ना?"

कागद सरकारी दप्तरातून त्या पूर्वजाच्याच नावे आलेला होता. साल घातले होते 'अर्बा सितैन मया व अलफ', म्हणजे सुहूर सन ११६४, इसवी सन १७६३-६४. मजकूर एवढाच की, हिंदुस्थानच्या मोहिमेतील दाणावैरणीचा जो हिशेब तुम्हांकडे होता तो येऊन समजावून द्यावा, म्हणजे राहिलेल्या रोजमुऱ्याचा निकाल करण्यात येईल. तेव्हा आमचा वीर पाणिपतावर पडला नव्हता. किंबहुना तो वीरही नव्हता. तो दाणावैरणीचा कारकून होता, जिवंत परत आला होता, आणि लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी पगाराच्या बाकीसाठी सरकारचे उंबरठे झिजवीत होता.

मला त्या क्षणी जे वाटले ते प्रांजळपणे सांगतो, कारण ह्या लेखाचा विषय तोच आहे. मला त्या कागदाचा राग आला. हा कागद बनावट तर नसेल? नाव तेच असले तरी माणूस दुसरा कशावरून नसेल? वाचणाऱ्यांची काही चूक तर झाली नसेल? सालाचा शब्द नीट लागला आहे काय? अशा दहा शंका मी एका मिनिटात काढल्या. त्यांतील एकही शंका चुकीची नव्हती. परंतु घरी परतताना एक गोष्ट मनाला बोचू लागली. काकूंच्या हकीकतीवर मी चाळीस वर्षे विश्वास ठेवला, आणि त्या चाळीस वर्षांत तिच्याविषयी एकही शंका मला सुचली नाही. कागदाकडे पुरावा मागणारा मी, कथेकडे तो मागावयास का विसरलो? ह्याचे उत्तर सोपे होते. कथा मला आवडत होती.

इतिहासाची विश्वसनीय साधने कोणती व ती कोठे मिळतील, असे अलीकडे अनेक तरुण मित्र विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. पण चोख तुपाचे दुकान कोणते, ह्या धर्तीवर तो विचारला जातो. एकदा दुकान कळले की डोळे मिटून माल आणावयास हरकत नाही, अशी त्यामागची समजूत दिसते. इतिहासात असे दुकान नाही. कोणतेही साधन सर्व प्रश्नांना सारखेच विश्वसनीय नसते, आणि कोणतेही साधन सर्वथा निरुपयोगीही नसते. साधन हा साक्षीदार होय. साक्षीदाराविषयी न्यायाधीश जे विचारतो तेच येथे विचारावे लागते: तू तेथे होतास काय? तुला हे कोणी सांगितले? असे सांगण्यात तुझा काही लाभ आहे काय? आणि तुझ्याशी ज्याची गाठभेट नाही असा दुसरा कोणी हेच सांगतो काय?

पुण्यातच पाहा. जंगली महाराजांच्या नावाच्या रस्त्यावर पाताळेश्वराचे खडकात कोरलेले देऊळ आहे. ते पांडवांनी एका रात्रीत कोरले, असे सांगणारी माणसे आजही भेटतात. खोदकामाच्या धाटणीवरून अभ्यासक ते आठव्या शतकाच्या सुमाराचे, राष्ट्रकूटांच्या अमदानीतले मानतात. आणि त्याच राष्ट्रकूटांपैकी पहिल्या कृष्णराजाच्या तळेगाव येथील ताम्रपटात, शके ६९० म्हणजे इसवी सन ७६८ मध्ये, ह्या प्रदेशाचा 'पुनक विषय' असा उल्लेख आलेला आहे. मग पांडवांची कथा खोटी म्हणून फेकून द्यावयाची काय? देऊळ कोणी कोरले ह्या प्रश्नास ती खोटी साक्ष आहे खरी. परंतु कोरणाऱ्यांची नावे लोक पुढे साफ विसरले, आणि ज्या कामाची कल्पना करवत नाही ते पांडवांच्या नावावर घालण्याची आपल्या समाजास सवय होती, ह्या गोष्टीची ती अगदी खरी साक्ष आहे. दंतकथा ज्या काळाविषयी बोलते त्या काळाचे तिला ठाऊक नसते. ज्या काळात ती सांगितली जाते त्याचे मात्र तिला पुष्कळ ठाऊक असते.

उलट बाजूने, दगडावर कोरले म्हणजे खरेच, असेही नाही. नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ह्याची थोरवी सांगणारा प्रसिद्ध शिलालेख आहे. क्षहरातांचा वंश त्याने निर्मूळ केला, असे त्यात म्हटले आहे. परंतु हा लेख त्याच्या मृत्यूनंतरचा, आणि तो कोरविला त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. आईने केलेली मुलाची स्तुती कोणते न्यायालय विनाचौकशी मान्य करील? एवढ्याच पुराव्यावर राहिलो असतो तर शंका राहिलीच असती. पण १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,००० नाणी क्षहरात राजा नहपान ह्याची. आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला! ज्या टांकसाळीच्या कामगाराने हातोडा मारला त्यास राजमातेचे अंतःकरण ठाऊक नव्हते आणि इतिहास लिहावयाचा नव्हता. त्यास नाणी चलनात आणावयाची होती. हेतू निराळा, हात निराळा, पदार्थ निराळा, आणि साक्ष एकच. अशी साक्ष पटते, ती ह्या भिन्नतेमुळे पटते. आईचे बोलणे खरे ठरले. पण ते आईचे होते म्हणून नव्हे.

मध्ययुगाकडे वळले की कागदपत्रांचा प्रश्न येतो, आणि येथे पुणे शहराने केलेल्या कामाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजातील एका विद्यार्थ्याने, नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी, त्या ग्रंथाचे परीक्षण केले. पुढे १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' मासिकातून बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ ह्या काळातील, म्हणजे थेट पाणिपतापर्यंतची पत्रे आहेत. ह्या मालेचे पुढे बावीस खंड झाले. १९१० साली त्यांनी व खंडेराव मेहेंदळे ह्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सरकारी ताब्यातील पेशवे दप्तर संशोधकांस दीर्घकाळ दुर्लभ होते. त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत बाहेर पडले.

ह्या सगळ्या खटाटोपाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, बखर आणि पत्र ह्यांतील भेद महाराष्ट्रास कळला. बखरकार पुष्कळदा घटनेनंतर दोन-तीन पिढ्यांनी, कोणाच्या तरी आज्ञेवरून, शेवट काय झाला हे ठाऊक असताना लिहितो. पत्र लिहिणाऱ्यास उद्या काय होणार हे माहीत नसते. त्याला दाणा हवा असतो, हुंडी हवी असते, कुमक हवी असते. तो खोटे बोलत नाही असे नव्हे. पण तो बोलतो ते आपल्याशी नव्हे, आपल्या धन्याशी बोलतो. आपणास फसविण्याचा त्याचा हेतू असणे शक्यच नाही. बखर भाषेसाठी वाचावी, त्या काळच्या माणसाचे मन कळावे म्हणून वाचावी; तारखेसाठी तिच्यावर विसंबू नये.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. बखरींच्या आधाराने शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथी दीर्घकाळ प्रचलित होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांकडे मिळालेली शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असे दिले होते. एकट्या शकावलीवर निकाल लागला असता काय? लागू नयेच. परंतु पुढे तंजावरास मिळालेले कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' १९२७ साली प्रसिद्ध झाले. त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानातील एका जुन्या संग्रहात मिळालेली कुंडलीही तिच्याशी जुळली. मावळातील देशमुखाचे टिपण, तंजावरची संस्कृत पोथी आणि राजस्थानातील ज्योतिष्याचा कागद: ह्या तिघांनी संगनमत करणे शक्य नव्हते. तरीही महाराष्ट्र शासनाने ही तारीख स्वीकारली ती २००१ साली. शकावली छापल्यापासून मान्यता मिळेपर्यंत पंचाऐंशी वर्षे गेली. सत्य सापडण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ सवय सुटण्यास लागतो.

परंतु जन्मतिथी तीन वर्षे पुढे-मागे झाली तरी महाराजांच्या थोरवीत फरक पडत नाही. जेथे खोट्या साक्षीने माणसाचे नुकसान होते तेथे हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही, तो नीतीचा होतो. संभाजी महाराजांचे पाहा. १६८९ साली ज्या राजाने औरंगजेबाच्या कैदेत भयंकर मृत्यू पत्करला, त्यास आमच्या आजोबांच्या पिढीने रंगभूमीवर पाहिले ते व्यसनी आणि उतावळा म्हणून. हे चित्र मुख्यतः कोठून आले? मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे संभाजी महाराजांनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी लिहिली गेली. आणि मल्हार रामराव हे ज्या बाळाजी आवजी चिटणिसांचे वंशज, त्यांना १६८१ साली कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनीच देहान्त शासन दिले होते. बखरकाराने जाणूनबुजून असत्य लिहिले असे मी म्हणत नाही. आपल्या घरात जे ऐकले तेच त्याने लिहिले असेल. माझ्या काकूंनी तरी दुसरे काय केले? पण त्या साक्षीदारास 'तुझे ह्यात काय गुंतले आहे?' असे विचारणे आमचे काम होते, आणि ते आम्ही पिढ्यानपिढ्या केले नाही. वा. सी. बेंद्रे ह्यांचा चरित्रग्रंथ १९६० साली आला, कमल गोखले ह्यांचा १९७१ साली. तेव्हा समकालीन कागदांतून निराळा पुरुष दिसू लागला. एका मृत माणसास अडीचशे वर्षांच्या वर न्यायासाठी थांबावे लागले. तो स्वतःची बाजू मांडू शकत नव्हता, आणि आपण ऐकलेली बाजू नाटकासारखी रंगतदार होती!

येथे दुसऱ्या टोकास जाण्याचा मोह असतो, तोही टाळला पाहिजे. १६७८ साली संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, ही गोष्ट समकालीन पुराव्याने सिद्ध आहे आणि आदर वाढला म्हणून ती पुसता येत नाही. कागद कोणास काळे करण्यासाठी नसतात, तसे कोणास पांढरे करण्यासाठीही नसतात. ज्या कसोटीने बखरीतील निंदा सुटली त्याच कसोटीस आपली भक्तीही लावण्याची तयारी नसेल, तर आपण संशोधन केले नाही, केवळ पक्ष बदलला.

भक्तीची गोष्ट निघाली म्हणून ग्रंथांविषयी थोडे सांगतो. जुन्या ग्रंथाचे खरे रूप शोधणे ही पाश्चात्त्यांनी आणलेली टूम आहे, असे काही जण समजतात. परंतु शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती पाहून तिचे पाठ शुद्ध केले, आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. ज्या ग्रंथावर अतीव प्रेम त्यातच आपली भर घालण्याची इच्छा होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकरांनी ते वाहिले. १९६६ साली ते पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. येथे संख्येने भुलू नये. एका पोथीवरून शंभर नकला झाल्या तर त्या शंभर साक्षी होत नाहीत. ती एकच साक्ष शंभर वेळा उच्चारलेली असते. काश्मिरातील शारदा लिपीतील पोथी आणि दक्षिणेतील मल्याळम लिपीतील पोथी ह्या दोघींत जे समान सापडते त्याचे मोल त्या शंभर नकलांहून अधिक. ह्याच कसोटीने, व्यासांनी सांगितले व गणपतीने लिहून घेतले, हा प्रसंग मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेला. हे काम झाले कोठे, तर गणपती ज्याचे ग्रामदैवत त्या पुण्यात. आणि ते करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी भाद्रपदात गणपती बसत असेल. प्रक्षिप्त म्हणून वेगळा केलेला श्लोक म्हणजे अपमान केलेला देव नव्हे, एवढे त्या पिढीस समजत होते.

आज हे समजणे कठीण झाले आहे की काय, अशी भीती वाटते. ५ जानेवारी २००४ रोजी त्याच संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची व जुन्या वस्तूंची नासधूस झाली. कारण काय, तर एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातील आक्षेपार्ह मजकूर. मजकूर वाईट असेल, नव्हे, तो निराधारच म्हणावा लागेल. पण निराधार विधानास उत्तर देण्याचे सामर्थ्य ज्या कागदांत असते ते कागदच फाडले तर उत्तर कशाने द्यावयाचे? मराठी राज्यात वतनाच्या तंट्यात दोन्ही पक्षांकडे कागद नसले, किंवा दोघांचेही संशयास्पद असले, म्हणजे रवादिव्य करीत असत. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा. हात भाजला नाही तो खरा. आज आपण त्यास हसतो. पण ज्याचा जमाव मोठा त्याचा इतिहास खरा, हे दिव्य त्याहून शहाणपणाचे आहे काय?

असे दिव्य करण्याची पाळी येई ह्याचे एक कारण बनावट कागद हे होते. इतिहासाची आवड म्हणून बनावट कागद फारसे कोणी करीत नाही. जमीन, मान आणि कूळ ह्यांसाठी ते होतात. ते पकडण्याच्या युक्त्या संशोधकांनी बसविल्या आहेत. कागदावर तिथी आणि वार दोन्ही असतील तर ते जंत्रीवरून जुळवून पाहावे. बनविणारा हमखास येथे घसरतो. त्या अधिकाऱ्याची त्या साली तीच मुद्रा होती काय, मायन्यातील शब्द त्या काळचे आहेत काय, ज्याच्याकडे कागद निघाला त्याच्याकडे तो असण्याचे कारण काय, हे पाहावे. आणि मुख्य म्हणजे, ह्या कागदामुळे आज कोणाचे काय साधते ते पाहावे.

तरीही सर्वांत धोक्याचा बनावट कागद पेटीत नसतो, आपल्या इच्छेत असतो. पाणिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत, अशी आशा महाराष्ट्रात किती काळ रेंगाळली होती! त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मानले नाही. त्या आशेच्या आधारावर एक तोतया उभा राहिला. त्याने कोकणात बंड माजविले, मोठमोठी माणसे त्यास सामील झाली, आणि १७७६ च्या अखेरीस पुण्यात त्यास देहान्त शासन झाले तेव्हा कोठे प्रकरण मिटले. त्यास 'भाऊ' म्हणणारे सगळे लबाड होते काय? मुळीच नव्हेत. पुष्कळांना मनापासून वाटत होते की हा भाऊच असावा, आणि 'असावा' चे 'आहे' होण्यास दुःखी मनाला फार पुरावा लागत नाही. त्यांची कीव येते, राग येत नाही. पण राज्य मात्र त्यांच्या त्या हळवेपणाने संकटात आले.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो. प्रत्येक साक्षीदारास काही ना काही स्वार्थ असतोच. मग सगळाच इतिहास पक्षपाती. तर ज्याने त्याने आपल्याला रुचेल तो मानावा, झाले! हा युक्तिवाद ऐकावयास उदार वाटतो, पण तो आळसाचा आहे. प्रत्येक वजनात रतिभर चूक असते म्हणून कोणी तराजू फेकून डोळ्यांच्या अंदाजाने सोने घेत नाही. साक्षीदार पक्षपाती आहे हे कळणे हेच तर पहिले ज्ञान! नाशिकच्या लेखातील आईचा पक्षपात कळला म्हणून आपण नाण्यांकडे पाहिले. शंका जर पुढचा पुरावा शोधावयास लावीत नसेल, केवळ हवे ते मानण्याची मोकळीक देत असेल, तर ती शंका नव्हे, सबब होय.

तेव्हा विश्वसनीय साधन कोठे मिळेल, ह्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ते पेशवे दप्तरात मिळेल, मंडळाच्या कपाटांत मिळेल, लेण्यांच्या भिंतींवर आणि नाण्यांच्या साठ्यांत मिळेल; छापील खंडांतून तर घरबसल्याही मिळेल. पण ते विश्वसनीय आहे की नाही, हे ठरविणारा वाचक जर आवडत्या कथेस एक न्याय आणि नावडत्या कागदास दुसरा न्याय लावणारा असेल, तर त्याच्या हातात अस्सल कागदही विश्वसनीय राहत नाही. ही शिस्त राजवाड्यांसारख्या पुरुषासही जड गेली. त्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली, आणि तिच्या प्राचीनतेविषयी पुढे अनेक विद्वानांस शंका घ्याव्या लागल्या. ज्याने आपणास बखरीवर शंका घेण्यास शिकविले त्याच्यावर शंका घेणे ही त्याचीच शिकवण मानणे होय.

आता आमच्या पणतीकडे परत येतो. त्या कागदाविषयी मी काढलेल्या शंका मी सोडल्या नाहीत; फक्त त्यांची उत्तरे शोधावयाचे ठरविले. नाव तेच, माणूस दुसरा, ही शंका खरोखर बळकट होती, कारण आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवतात. पण कागदात वडिलांचे नाव होते आणि ते वंशावळीशी जुळत होते. मग नाशिकास आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांच्या जुन्या वहीत शके १६९२ ची, म्हणजे पाणिपतानंतर नऊ वर्षांची नोंद निघाली: तेच नाव, तेच वडील, बरोबर पत्नी व दोन मुले. उपाध्यायांना आमच्या घराण्याच्या शौर्याशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना पुढल्या पिढीचे यजमान ओळखता यावेत एवढ्यासाठी ती नोंद होती. दोन साक्षी, एकमेकींस अनोळखी. शंकेस जागा उरली नाही.

काकूंना सांगावे की नाही, ह्यावर मी पंधरा दिवस घालविले. त्यांचे वय झालेले. ही कथा त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलेली. एका म्हातारीचा आनंद हिरावून घेऊन इतिहासाचे कोणते कल्याण होणार होते? पण मग वाटले, त्यांना सत्य झेपणार नाही असे ठरविणारा मी कोण? शेवटी कागद, त्याचे बाळबोध लिप्यंतर आणि नाशिकच्या नोंदीची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे एकाच माणसाने वाचलेय का रे? दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलेस?"

मी दुसऱ्याकडून वाचून घेतले नव्हते. इतके सगळे विवेचन करणाऱ्या मला ती साधी गोष्ट सुचली नव्हती. दुसऱ्या एका जाणकारास कागद दाखविला. त्यांनी एक शब्द निराळा लावला, बाकी सर्व तेच वाचले. ते काकूंना येऊन सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलविली आणि विषय संपविला.

पुढच्या संक्रांतीस मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. पणती असेल की नसेल, अशी मनात धाकधूक होती. पणती होती. मी काही विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "आपला परत आला रे. पण त्याच्या हिशेबात ज्यांचा दाणा लिहिलेला होता, ते सगळे कुठे आले?"